कॅमेरा घ्यावा, पण केवळ झूमचा आकडा पाहून नव्हे!

तुळशीचे लग्न लागले की वसईत लग्नसराईची लगबग सुरू होते. सभागृहांच्या तारखा भरू लागतात. नाताळ आटोपल्यावर, प्रायश्चित्तकाळ लागेपर्यंत, पापडी-नंदाखालच्या चर्चमधूनही विवाहविधी होत राहतात. ठरवलेला छायाचित्रकार वधूवरांभोवती असतो. मागच्या रांगेत डोळे पुसणारी आजी मात्र घरच्याच कुणाच्या तरी कॅमेऱ्यात यायची असते. ते छायाचित्र हलले, तर तो क्षण पुन्हा मागता येत नाही. म्हणूनच घरासाठी छोटा झूम कॅमेरा निवडताना तो कमी उजेडात कसा वागतो, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दुकानात प्रथम दाखवले जातात ते झूम आणि मेगापिक्सेलचे आकडे. सभागृहात खरे काम करतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी : उजेड आत घेणारे भिंगाचे तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, आणि तो उजेड झेलणारा सेन्सर. अ‍ॅपर्चरचा ‘एफ’ आकडा जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे.

एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांची तुलना या दृष्टीने बोलकी आहे. कॅननचा २०१८ मधील ‘एसएक्स ७४० एचएस’ ४० पट झूमचा, तर २०१९ मधील ‘जी ७ एक्स मार्क ३’ जेमतेम चारपट झूमचा. मेगापिक्सेल दोघांचेही सुमारे २०. परंतु पहिल्याचे भिंग एफ/३.३ पासून सुरू होते आणि पूर्ण झूमला एफ/६.९ वर जाते, दुसऱ्याचे एफ/१.८ पासून एफ/२.८ पर्यंतच राहते. दुसऱ्याचा ‘एक इंची’ म्हटला जाणारा सेन्सरही क्षेत्रफळाने पहिल्याच्या सुमारे चौपट आहे. झूम न करता घेतलेल्या छायाचित्रातही भिंगामुळे तिप्पटीहून अधिक आणि सेन्सरमुळे चौपट, असा मिळून बारा-तेरापट उजेडाचा फरक पडतो. मैदानावरच्या सामन्यासाठी किंवा पक्षी टिपण्यासाठी पहिला कॅमेरा उपयोगाचा; मांडवात मात्र दुसराच सरस.

मग झूम किती हवा? पाच मीटरवरून १०० मिलिमीटरचे भिंग सुमारे १.८ मीटर रुंदीची चौकट टिपते. व्यासपीठावरचे वधूवर कमरेपासून वर त्यात नीट मावतात. चर्चमध्ये दहा मीटर मागे बसणाऱ्यास हीच चौकट हवी असेल, तर २०० मिलिमीटर पुरे. उलट, सदनिकेच्या दिवाणखान्यात गणपतीपुढे जमलेले सारे कुटुंब टिपायचे, तर रुंद कोन महत्त्वाचा ठरतो. तीन मीटर अंतरावरून २४ मिलिमीटरच्या भिंगात साडेचार मीटर रुंदी येते. ३५ मिलिमीटरच्या भिंगात तीन मीटरच. डिजिटल झूम तर हिशेबातच धरू नये. तो छायाचित्राचा तुकडा कापून मोठा करतो, एवढेच.

कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाविषयीही गैरसमज आढळतो. हाताची थरथर ते सावरते. नाचणारी मुले थांबवत नाही. शांत बसलेल्या माणसासाठी १/६० सेकंद शटर पुरते, अक्षता टाकणाऱ्या हातांसाठी किमान १/१२५, तर नाचासाठी १/२५० लागते. शटर इतके वेगवान ठेवायचे, तर उजेड भिंगातूनच भरपूर यावा लागतो. तो कमी पडला की कॅमेरा आयएसओ वाढवतो आणि चेहऱ्यांवर रवाळ ठिपके उमटतात.

फ्लॅशचा आधारही मर्यादित आहे. अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे पुढच्या रांगेतील डोकी पांढरीफटक आणि व्यासपीठ काळोखात, असे दृश्य अनेक अल्बममध्ये दिसते. शिवाय विधी सुरू असताना फ्लॅश न मारणे हेच सभ्यतेचे.

जवळच्या छायाचित्रांसाठी चांगला मोबाइल पुरेसा आहे, हेही मान्य करायला हवे. वेगळा कॅमेरा घ्यायचा तो दूरचे चेहरे कमी उजेडात स्वच्छ यावेत म्हणून. त्यासाठी खरेदीपूर्वी एक साधी चाचणी करावी. स्वतःचे मेमरी कार्ड नेऊन, फ्लॅश बंद ठेवून, पूर्ण झूमवर दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र घ्यावे आणि ते घरी मोठ्या पडद्यावर पाहावे. कॅमेरा वापरलेला असेल, तर भिंगावर विजेरीचा प्रकाश टाकून बुरशीचे जाळे तपासावे. वसईच्या पावसाळी, दमट हवेत हा धोका नेहमीचाच. घेतलेला कॅमेराही सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावा.

चाचणीच्या छायाचित्रात डोळे स्पष्ट दिसले, तर झूमचा आकडा लहान असला तरी बिघडत नाही. कार्यानंतर अल्बम उघडणारे घर आधी चेहरेच शोधते.