तीन हजार गॉस लपतात कुठे?

सिंह राशीत एडी लिओनिस नावाचा एक लाल खुजा तारा आहे. आपल्यापासून अवघ्या १६ प्रकाशवर्षांवर, तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि दुर्बिणीतूनही नुसता ठिपकाच. त्याचं चुंबकत्व मोजायचं तर हाताशी असतो फक्त वर्णपट.

चुंबकीय क्षेत्रात वर्णपटातली रेषा फुटते, हे पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये दाखवलं. खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी १९०८ मध्ये त्यावरूनच सूर्यडागांचं चुंबकत्व ओळखलं. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र दृश्य प्रकाशातली ही फूट रेषेच्या मूळच्या रुंदीपुढे किरकोळ ठरते. म्हणून फुटलेल्या भागांच्या वेगवेगळ्या ध्रुवणाचा आधार घ्यायचा.

हवाईतल्या मौना केआवर ३.६ मीटरच्या दुर्बिणीला ‘एस्पाडॉन्स’ हे उपकरण जोडलेलं आहे. एका मोजणीला ओळीने चार एक्स्पोजर. मधल्या वेळात फ्रेनेल ऱ्हॉम्ब नावाचे लोलक फिरवतात, त्यामुळे उजव्या-डाव्या ध्रुवणाचे झोत जागा बदलतात आणि उपकरणाचे दोष वजा होतात. डेटा आला की मी आधी ‘नल’ वर्णपट उघडते. यात त्याच चार एक्स्पोजरची जुळणी अशी केलेली असते, की ताऱ्याचं ध्रुवण उरतच नाही. ही रेघ सपाट असेल तरच पुढे जायचं. इथे घाई करणाऱ्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. एकेकट्या रेषेतला संकेत गोंगाटात बुडालेला असतो. हजारो रेषा एकत्र केल्या, की शून्याच्या वर-खाली जाणारं एक वळण उमटतं. तारा सव्वादोन दिवसांत स्वतःभोवती फिरतो. तेवढ्यात ते वळण कसं बदलतं, त्यावरून नकाशा काढतात.

नकाशे देखणे असतात. पण उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे बारके पट्टे शेजारी आले, की एकमेकांचं ध्रुवण खोडून टाकतात. रेषेच्या रुंदीत मात्र दोघांचीही नोंद राहते. फूट तरंगलांबीच्या वर्गाने वाढते: ५०० नॅनोमीटरऐवजी २२०० वर पाहिलं तर जवळजवळ १९ पट. मग चुंबकत्वाचं सोयरसुतक नसलेल्या रेषांशी फुगलेल्या रेषा ताडून पाहायच्या. सार आणि लिन्स्की यांनी १९८५ मध्ये टायटॅनियमच्या अवरक्त रेषांतून याच ताऱ्याचा हिशोब मांडला: पृष्ठभागाच्या सुमारे ७३ टक्के भागावर ३८०० गॉस तीव्रतेचं चुंबकीय क्षेत्र.

म्हणजे सरासरी तीन हजारांच्या आसपास. ध्रुवणाच्या नकाशातून येते ती जेमतेम दोनशे. तेव्हा कुणी ताऱ्याचा चुंबकीय नकाशा दाखवला, तर रेषांच्या रुंदीतून किती गॉस आले, तेही विचारा.