उन्हात दमणारा ट्रॅक्टर

चैत्र-वैशाखात देवगाव रंगारीच्या शिवारातला उन्हाळी कांदा ट्रॉल्यांत भरून लासूर स्टेशनच्या बाजाराकडे निघतो. सकाळी जो ट्रॅक्टर सहज ओढतो, तोच तेवढ्याच मालाला दुपारी लहानशा चढावर दम टाकू लागतो. मालक म्हणतो, 'इंजिन गेलं!' कोणी सुचवितो, 'पंप उतरवा.' आणि कांद्याचे आलेले पैसे दुरुस्तीत जातात. तेव्हा प्रश्न असा, की इंजिन खोलण्यापूर्वी आपल्याला स्वतःला काही पारखता येईल काय? पुष्कळ येईल.

आधी उन्हाचा हिशेब पाहू. हवा तापली की विरळ होते. २७ अंशांची हवा ४२ अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेतले तिचे वजन सुमारे ५ टक्क्यांनी घटते. एक लिटर डिझेल पुरते जळायला निदान १२ किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाचा थोडा कोंडमारा होणारच. पण शंभरातले पाच गेल्याने धडधाकट गाडी अडत नाही. ती अडते, याचा अर्थ दुसरे काही आधीच बिघडलेले आहे. ऊन दोष निर्माण करीत नाही. दडलेला दोष ते उघडा पाडते.

ओझ्याचेही तसेच. ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली मिळून ८ टन धरा. वीस फुटांत एक फूट असा चढ ताशी १० किलोमीटर वेगाने चढायचा, तर नुसत्या चढासाठीच १४-१५ अश्वशक्ती खर्ची पडते. सपाटीवर ही मागणी नसते, म्हणून तिथे दोष कळत नाही.

आता पारख. पहिला प्रश्न : शक्ती खरोखर कमी झाली आहे, की वाटेत गळते आहे? इंजिनाचा आवाज चढतो पण चाके त्या मानाने फिरत नाहीत, तर क्लच घसरतो आहे. चार-सहा किलोमीटर गेल्यावर सपाटीला थांबा, चाकांना उटी लावा आणि ट्रॉलीच्या चाकांच्या मध्याजवळ हाताचा मागचा भाग न टेकवता न्या. एकच चाक फार तापलेले असेल, तर ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग आटले आहे. टायरमध्ये हवा कमी असली तरी ओढ वाढते.

दुसरा प्रश्न : पाण्याच्या उष्णतेचा काटा कुठे आहे? तो वर चढत असेल, तर दोष इंजिन गार ठेवणाऱ्या भागांत शोधा. रेडिएटरच्या जाळीत भुसकट आणि धुरळा बसतो. तो इंजिन गार असताना पंख्याच्या बाजूकडून पुढच्या बाजूला हवेने उडवावा. पंख्याचा पट्टा सैल आहे का, ते इंजिन बंद करून अंगठ्याने दाबून पाहा. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे घातले, तर आत खडूसारखा थर धरतो आणि उष्णता अडवितो. एक गोष्ट मात्र विसरू नका : तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. ते उसळून चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतले, तर हेडला तडा जाण्याची भीती असते. आणि काटा वर असताना तसेच रेटीत गेलात, तर हेड गॅस्केट जळते व शंभराच्या कामाला हजारो लागतात.

काटा ठिकाणावर आहे, तरी शक्ती नाही? मग तिसरा प्रश्न धुराला विचारा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा पुरत नाही; प्रथम एअर क्लीनर उघडा. कच्च्या रस्त्यावर तो लवकर तुंबतो. तो स्वच्छ असूनही धूर काळाच, तर नोझलकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

धूर जवळजवळ नाहीच आणि ओढही नाही, तर इंजिन उपाशी आहे. डिझेल फिल्टर तुंबला असेल. टाकीतला गाळ तोंडाशी येत असेल. पुष्कळदा टाकीच्या झाकणातले बारीक छिद्र मातीने बुजते. डिझेल बाहेर जाते, त्या जागी हवा आत येत नाही, आणि प्रवाह मंदावतो. झाकण क्षणभर सैल करा. 'फुस्स' करून हवा आत गेली व गाडी सुधारली, तर दोष सापडला. खर्च एका काडीचा!

हे सर्व ठीक असताना इंजिन तापल्यावरच बळ जाते, गरम असता पुन्हा सुरू व्हायला कुरकुरते आणि निवल्यावर पूर्ववत होते, असे असेल तर मग पंपाकडे बोट दाखवावे. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत निसटते. अलीकडच्या संगणक बसविलेल्या गाड्यांत आणखी एक शक्यता असते : उष्णता मर्यादेबाहेर गेली, की यंत्रणा आपणहून शक्ती कमी करते. तिथे दिवा काय सांगतो ते वाचावे.

म्हणून मिस्त्रीकडे जाताना 'गाडी ओढत नाही' एवढेच सांगू नका. किती वेळाने दमली, काटा कुठे होता, धूर कसा होता, विश्रांतीने सुधारली का, या चार गोष्टी सांगा. चांगल्या मिस्त्रीचे निम्मे काम त्यातच होते, आणि पंप उतरवायचा की झाकणातले छिद्र मोकळे करायचे, हे तुमच्या अंगणातच ठरते.