घसरणारा क्लच आणि पास्कलचा नियम

मोटारसायकलचे इंजिन जोरात फिरते, पण वेग वाढत नाही. म्हणजे क्लच घसरतो आहे! क्लचच्या तबकड्या स्प्रिंगच्या दाबाने परस्परांना घट्ट धरून असतात. द्रवचालित क्लचमध्ये दांडी ओढताच पास्कलच्या नियमानुसार द्रवातून दाब पोहोचतो व त्या सुटतात. नळीत हवा शिरली तर त्या पुरत्या सुटत नाहीत. घसरण्याचे कारण ते नव्हे. द्रव टाकीत परतण्याचे बारीक छिद्र बुजले, तर मात्र दांडी सोडल्यावरही दाब उरतो. तापून प्रसरण पावलेला द्रव तबकड्या सैल करतो. इंजिन बंद असताना मेकॅनिकला हवा काढण्याचा स्क्रू क्षणभर सैल करायला सांगा. घसरणे थांबले, तर दोष द्रवमार्गात आहे. छिद्र आधी साफ करावे. न थांबल्यास तबकड्यांची झीज व स्प्रिंग तपासा. मित्रांनो, नव्या तबकड्या आणण्यापूर्वी एवढी परीक्षा घ्याच!