साक्षीदार की जामीनदार?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रविवारची सकाळ. दारावरची बेल वाजते. गावाकडच्या शेजाऱ्यांचा मुलगा आलेला असतो. तळोज्याला नुकताच नोकरीला लागला आहे, कळंबोलीत भाड्याची खोली पाहिली आहे, महिनाअखेर बायकोला आणायचं आहे. चहा घेता घेता तो हळूच म्हणतो, "काका, घरमालक म्हणतात, इथलं कुणीतरी ओळखीचं हवं. फक्त एक सही लागेल." आपण चष्मा शोधतो आणि सही करून मोकळे होतो.

या 'फक्त एका सही'विषयी आज बोलायचं आहे.

कळंबोली ही सिडकोने वसवलेली वसाहत. इथला लोखंड बाजार, ट्रक टर्मिनल, जवळची तळोजा औद्योगिक वसाहत आणि कामोठ्यातलं वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे बाहेरगावची माणसं सतत येत असतात. घरमालक त्यांना ओळखत नाही. बहुतेक मालक अनामत रकमेवर समाधान मानतात, काहींना मात्र माणसाची हमीही हवी असते. त्यात मालकाचं काही चुकत नाही. चुकतं ते सही करणाऱ्याचं. आपण साक्षीदार होतो आहोत की जामीनदार, हे तो विचारतच नाही.

साक्षीदार एवढंच सांगतो की, या सह्या माझ्यासमोर झाल्या. भाडं थकलं तर त्याच्याकडे कुणी पैसे मागू शकत नाही. जामीनदार मात्र वचन देतो की, याने दिलं नाही तर मी देईन. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १२८व्या कलमानुसार, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर मूळ देणेकऱ्याची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची.

पुष्कळांना वाटतं की, मालक आधी भाडेकरूच्या मागे लागेल आणि तिथे हात टेकले तरच आपल्या दारात येईल. तसं नाही. बँक ऑफ बिहारच्या एका कर्जप्रकरणात, आधी कर्जदाराकडून वसुलीचे सारे उपाय करा, मगच जामीनदाराकडे जा, असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तो मोडीत काढला. धनको थांबून राहणार असेल तर जामिनाचा उपयोग काय, असा त्यामागचा विचार. कर्जाचं जे तत्त्व, तेच भाड्याच्या जामिनाचं.

आता हिशेब करू. समजा, भाडं महिना १२ हजार आणि अनामत ४० हजार. मुलाची नोकरी गेली आणि पाच महिन्यांचं भाडं थकलं. ते झाले ६० हजार. त्यातच 'लिव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपली, तरी तो दोन महिने तिथेच राहिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या २४व्या कलमानुसार मुदतीनंतर जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे आणखी ४८ हजार. एकूण १ लाख ८ हजार. अनामत वजा जाता उरले ६८ हजार. 'करारातील सर्व देणी' असं लिहिलेल्या कागदावर काकांची सही असेल, तर हे ६८ हजार काकांच्या निवृत्तिवेतनातून जाऊ शकतात.

कायदा जामीनदाराला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. त्याला न विचारता मालक आणि भाडेकरूने परस्पर करारात बदल केला, समजा भाडं वाढवलं, तर १३३व्या कलमानुसार त्यानंतरच्या व्यवहारातून तो मोकळा होतो. जामीनदाराने पैसे भरलेच, तर ते भाडेकरूकडून वसूल करण्याचा हक्क त्याला १४५वं कलम देतं. पण वसुली करायची कुणाकडून? ज्याच्याकडे भाड्याला पैसे नव्हते, त्याच्याकडूनच! आणखी एक. मालक चार महिने गप्प बसला म्हणून आपण सुटलो, असं समजू नये. नुसत्या गप्प बसण्याने जामीन सुटत नाही, हे १३७वं कलम स्पष्ट सांगतं.

म्हणून सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मूळ करार पूर्ण वाचावा आणि त्याची नोंदणी होते आहे ना, हे विचारावं. भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. दुसरी, आपली जबाबदारी जास्तीत जास्त किती रुपयांची, तो आकडा लिहून घ्यावा. तिसरी, जामीन कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहावं. करार पुढे वाढला तर आपली नव्याने सही लागेल, हेही नमूद करावं. चौथी, एका महिन्याचं भाडं थकलं तरी मालकाने आपल्याला लेखी कळवावं, अशी अट घालावी. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घरी ठेवावी.

आणि तरीही मन घेत नसेल तर? भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. पण भीड मोडायची म्हणजे मुलाला दारातून परत पाठवायचं, असं नाही. आपल्याला झेपेल तेवढी रक्कम त्याला अनामतीसाठी उसनी द्यावी. मालकाला जास्तीचा आधार मिळतो, मुलाला खोली मिळते आणि बुडालेच तर दिलेले तेवढेच पैसे बुडतात.

गावाहून आलेल्या मुलाला शहरात उभं राहायला कुणीतरी हात द्यावाच लागतो. आपल्यालाही कधीतरी कुणीतरी दिला होता. तेव्हा पुढच्या वेळी तो "काका, फक्त एक सही" म्हणाला, तर त्याला म्हणावं, "बस. कागद आण, आधी दोघं मिळून वाचू."