स्कॉटलंडातील ख्रिस्तमंडळी : काल आणि आज

मुंबईच्या चौपाटीसमोरील विल्सन कॉलेज आणि नागपुरातील हिस्लॉप कॉलेज ही नावे महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांस सुपरिचित आहेत. डॉ. जॉन विल्सन हे १८२९ साली मुंबईस आले व १८३२ साली त्यांनी येथे शाळा काढली. स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर हे आपले कार्यक्षेत्र मानले आणि १८६३ साली नदी ओलांडीत असता बुडून त्यांचा अंत झाला. हे दोघेही स्कॉटलंडचे सुपुत्र. ज्या मंडळीने अशी माणसे समुद्रापलीकडे पाठविली, तिची आज स्वदेशी काय स्थिती आहे, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच कोणी विचारतो. ‘पाश्चात्य तो ख्रिस्ती’ हे समीकरण आपल्या मनांत इतके दृढ झालेले आहे की, ते तपासून पाहावे असे वाटतच नाही. प्रस्तुत लेखात ते तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम आकडे पाहू. २०२२ साली स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५४ लाख होती. २०२२ सालच्या शिरगणतीत ‘आमचा कोणताही धर्म नाही’ असे सांगणारांचे प्रमाण शेकडा ५१.१ भरले. अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे २०११ साली, ते शेकडा ३६.७ होते. आपण चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे त्या देशाच्या राष्ट्रीय मंडळीचे, असे सांगणारे २००१ साली शेकडा ४२.४ होते, ते २०२२ साली २०.४ राहिले. रोमन कॅथॉलिकांचे प्रमाण शेकडा १३.३ आहे. हे केवळ नाव सांगणारांचे आकडे झाले. ज्यांची नावे सभासदांच्या पटावर आहेत असे लोक १९५० नंतरच्या दशकात १३ लाखांहून अधिक होते. २०२३ साली ते २ लाख ६० हजारांच्या आसपास उरले.

हे असे का झाले? ‘लोक बिघडले’ असे एका वाक्यात उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. कारण समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १५६० साली जॉन नॉक्स व त्याचे सहकारी यांनी स्कॉटलंडात धर्मसुधारणा घडवून आणिली, तेव्हा प्रत्येक चर्चच्या जोडीला एक शाळा असावी अशी योजना त्यांनी मांडिली. ती पुरी व्हावयास बराच काळ लागला. तथापि पुढे खेडोपाडी शाळा निघाल्या त्या याच कल्पनेतून. मुलांस अक्षरओळख चर्चने करून द्यावी, गोरगरिबांस मदत चर्चने वाटावी, भांडणतंटे चर्चच्या वडिलांनी मिटवावे, असा त्या समाजाचा क्रम होता. प्रभुभोजनाच्या आधी मंडळीचे वडील सभासदांस शिशाचे लहानसे बिल्ले वाटीत, आणि तो बिल्ला हाती असल्यावाचून त्या मेजाशी बसावयास मिळत नसे.

या व्यवस्थेची दुसरीही बाजू होती, ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ज्याच्या हातून नीतिनियमांचा भंग होई, त्यास भर उपासनेत सर्वांसमोर ‘पश्चात्तापाच्या आसनावर’ बसवीत. लोकलज्जेस्तव चर्चला जाणारे त्या काळीही थोडे नसतील. मात्र सारी धार्मिकता लोकलज्जेचीच होती असेही कोणी समजू नये. १८४३ साली पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदाराचा की मंडळीचा, असा वाद विकोपास गेला, तेव्हा साडेचारशेहून अधिक पाळकांनी राहती घरे व पगार यांवर पाणी सोडून ‘फ्री चर्च’ स्थापिले. आपले डॉ. विल्सन यांनीही त्यांचाच पक्ष पत्करिला. विवेकबुद्धीसाठी पोटावर पाय येऊ देणारी अशी ती माणसे होती.

पुढे काळ पालटला. गरिबांच्या मदतीचे काम १८४५ च्या कायद्याने चर्चकडून निघून स्थानिक मंडळांकडे गेले. १८७२ साली शाळा लोकनियुक्त स्कूल बोर्डांकडे आल्या. १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. ही सर्व कामे उत्तम होती, आणि ती व्हावीत म्हणून झटणारांत कितीतरी श्रद्धाळू ख्रिस्ती माणसे होती. परंतु परिणाम असा झाला की, ज्या दारावर मनुष्य जन्मापासून मरणापर्यंत दहा कामांसाठी जात असे, त्या दारावर त्याला केवळ एकाच कामासाठी जावयाचे उरले. ते काम म्हणजे ईश्वराची उपासना.

तरीही उपासनामंदिरे लगेच ओस पडली नाहीत. १९५५ साली ग्लासगो येथील केल्व्हिन हॉलमध्ये अमेरिकन उपदेशक बिली ग्रॅहम यांची व्याख्याने ऐकण्यास लोकांची रीघ लागली होती. खरी ओहोटी लागली ती १९६० नंतर. कॅलम ब्राऊन या इतिहासकाराचे म्हणणे असे की, घरातील धर्म मुख्यतः स्त्रियांनी जतन केला होता. त्या दशकात तरुण स्त्रियांचे जीवन बदलले आणि आईकडून मुलाकडे जाणारी परंपरा खंडित झाली. स्टीव्ह ब्रूस यांच्यासारखे समाजशास्त्रज्ञ म्हणतात की, ही झीज त्याहून पुष्कळ जुनी व संथ आहे. पंडितांचा हा वाद त्यांच्यापाशी राहो. एक गोष्ट मात्र ध्यानात धरण्याजोगी आहे. बहुसंख्य लोकांनी चर्चशी भांडण केले नाही. मोटार आली, दूरचित्रवाणी आली, रविवारी दुकाने व खेळ सुरू झाले. एक रविवार चुकला, मग दुसरा चुकला. मुलांस बोट धरून नेणारे कोणी उरले नाही. वैर झाले नाही, सवय सुटली.

‘इहवादी समाज’ म्हणजे धर्माचा छळ करणारा समाज, असा अर्थ कित्येक करितात. स्कॉटलंडास तो लागू पडत नाही. तेथील पार्लमेंटात १९९९ सालापासून आठवड्यातून एकदा चिंतनासाठी काही मिनिटे राखून ठेविलेली असतात, व त्या वेळी निरनिराळ्या धर्मांचे, तसेच धर्म न मानणारेही लोक येऊन बोलतात. २००५ सालापासून मानवतावादी संस्थेच्या पद्धतीने लाविलेला विवाहही कायदेशीर ठरतो. राज्य कोणासही देवळात जाऊ नको म्हणत नाही. पण समाजही कोणास जा म्हणत नाही. इहवाद तो हाच.

याचे दृश्य रूप पाहावयाचे तर इमारतींकडे पाहावे. एडिंबरो येथे किल्ल्याजवळ ज्याचा शंक्वाकार कळस दुरून दिसतो, ते टोलबूथ चर्च १९९९ पासून कलामहोत्सवाचे केंद्र आहे. ग्लासगोतील एका भव्य चर्चमध्ये २००४ सालापासून मद्यालय व नाट्यगृह चालते. लीथ बंदरातील एक जुने चर्च आता शीख बांधवांचा गुरुद्वारा असून तेथे ईश्वराचे नाव आजही घेतले जाते. ज्या वृद्धेचा बाप्तिस्मा, विवाह व पतीची अंत्ययात्रा ही सर्व एकाच मंदिरातून झाली, तिला त्याच मंदिरावर ‘विकणे आहे’ अशी पाटी वाचावी लागते, तेव्हा तिच्या मनास काय वाटत असेल याची कल्पना आपणही करू शकतो.

येथे विद्यार्थ्यांस एका धावपटूची गोष्ट सांगावीशी वाटते. एरिक लिडेल हा स्कॉटिश मिशनऱ्यांचा मुलगा १९०२ साली चीनमध्ये जन्मला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक शर्यत रविवारी आली, म्हणून त्याने ती धावण्याचे नाकारिले. पुढे ४०० मीटरची शर्यत त्याने ४७.६ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविले. दुसऱ्याच वर्षी तो शिक्षक व मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ साली जपान्यांच्या बंदिवासात वारला. त्याचा निर्णय पुष्कळांस रुचला नव्हता; परंतु तो काय म्हणत आहे हे त्याच्या देशबांधवांस कळत होते. आज ग्लासगोतील दहा वर्षांच्या मुलाचा फुटबॉलचा सामना रविवारी सकाळी असतो. ‘मी उपासनेला जातो, म्हणून येणार नाही,’ असे तो म्हणाला तर सोबती त्याच्यावर रागावणार नाहीत. ते केवळ आश्चर्याने त्याच्याकडे पाहतील, कारण उपासना म्हणजे काय हेच त्यांतील पुष्कळांस ठाऊक नसते. विरोध सहन करणे कठीण खरे. पण आपले बोलणे कोणास कळतच नाही, हे सहन करणे त्याहून कठीण असते.

लुईस बेटावर रविवार पाळण्याची चाल अजूनही जिवंत आहे. तथापि तेथेही २००९ साली स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुटू लागली, आणि २०२४ साली एक मोठे दुकान रविवारी उघडले. कोणास हे स्वातंत्र्य वाटले, तर कोणास डोक्यावरचे छप्पर गेल्यासारखे वाटले. त्याच बेटावर गेलिक भाषेतील स्तोत्रे अद्याप जुन्या रीतीने गातात : एकजण ओळ उचलतो व सारी मंडळी ती आपापल्या परीने आळवीत मागून म्हणते. आपल्याकडील कीर्तन ज्यांनी ऐकिले आहे, त्यांस ही रीत परकी वाटणार नाही.

मग उरलेल्या मंडळ्या काय करितात? कोठे तीन-चार मंडळ्या एकत्र होऊन एका पाळकावर भागवितात. १९६८ पासून स्त्रियांसही पाळकपदाची दीक्षा मिळते. कोठे चर्चच्या सभागृहात गरजूंसाठी शिधा ठेविलेला असतो. कोठे एकट्या पडलेल्या वृद्धांस चहाच्या निमित्ताने बोलाविले जाते. एडिंबरोत बेघर लोकांस हिवाळ्याच्या रात्री निजावयास मिळावे म्हणून कित्येक वर्षे निरनिराळी चर्चे आळीपाळीने आपली दारे उघडीत असत. आयोना बेटावर जॉर्ज मॅक्लाउड या पाळकाने १९३८ साली बेकार कारागीर व पाळकपदाचे उमेदवार यांस एकत्र आणून पडक्या मठाच्या इमारती पुन्हा उभारावयास घेतल्या. त्यातून निघालेला संघ आजही चालू आहे. आफ्रिका, पोलंड व आपले केरळ येथून गेलेल्या कुटुंबांनी कित्येक शहरांतील उपासनेत नवा प्राण ओतला आहे. ज्या देशाने एके काळी धर्मशिक्षक पाठविले, त्याच्याच बाकांवर आज दूरदेशीचे लोक बसून स्तोत्रे गातात, हा इतिहासाचा न्याय नव्हे तर काय?

या सर्वांवरून हर्ष मानणारे दोन्ही बाजूंस आढळतील. आम्हांस मात्र तो मानवत नाही. हानी ही हानीच आहे. परंतु एक लाभही आहे. आज तेथे जो उपासनेस बसतो, तो शेजाऱ्यांच्या भीतीने बसत नाही. त्यास तेथे आणणारी गोष्ट त्याच्या अंतःकरणात असली पाहिजे.

आमच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले एकाच बाकावर बसतात. कोणाच्या घरी सांजवातीपुढे शुभंकरोती म्हणतात, कोणाकडे नमाज पढतात, कोणाकडे जेवणापूर्वी प्रार्थना होते. शेतजमीन बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर चढविता येते. श्रद्धेचे तसे होत नाही. ती प्रत्येक पिढीला स्वतः मिळवावी लागते, आणि ती मिळविताना मुले आईबापांच्या तोंडाकडे नव्हे, तर हातांकडे पाहत असतात. स्कॉटलंडातील त्या मुलाला त्याचे सोबती विचारतात, ‘तू तेथे का जातोस?’ हाच प्रश्न उद्या आमच्या मुलांस कोणी विचारिला तर ती काय उत्तर देतील? पालकहो, ते उत्तर मुलांबरोबर बसून आजच शोधावे, इतकेच आमचे मागणे आहे.