बंद कवचाचे हेडफोन : निवड आणि पारख

एकाच घरात एकाची ऑनलाइन शिकवणी, दुसऱ्याची कार्यालयीन बैठक आणि तिसऱ्याचे संगीतश्रवण एकाच वेळी चालू असते. अशा घरांत हेडफोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. तेथे बंद कवचाचे, म्हणजे दुकानात ‘क्लोज्ड-बॅक’ या नावाने मिळणारे हेडफोन सोयीचे ठरतात. उघड्या कवचाच्या हेडफोनमधून आवाज बाहेर झिरपतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. त्यांचा ध्वनी अधिक मोकळा, ऐसपैस वाटतो हे खरे. परंतु त्याचा आस्वाद घेण्यासाठी शांत खोली लागते आणि ती सर्वांच्याच वाट्याला येत नाही.

खरेदी करताना आराम आणि ध्वनीचा दर्जा या दोन स्वतंत्र बाबी मानल्या जातात. बंद कवचाच्या हेडफोनमध्ये मात्र त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. गादी कानाभोवती सर्व बाजूंनी नीट टेकली, तरच खर्जाचे स्वर भरदार ऐकू येतात. चष्म्याच्या काडीमुळे किंवा दाट केसांमुळे फट राहिली, की तोच खर्ज निसटतो आणि चांगले यंत्रही पोकळ वाटू लागते. याची पारख सोपी आहे. तबल्याचे एखादे परिचित ध्वनिमुद्रण लावावे, डग्ग्याची घुमक ऐकावी आणि दोन्ही कप तळहातांनी हलकेच दाबावेत. दाबताच घुमक एकदम वाढली, तर तो हेडफोन त्या डोक्यासाठी नव्हे, असे खुशाल समजावे. मग जाहिरात काहीही सांगो.

घट्टपणाही प्रमाणातच हवा. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा गोंगाट उत्तम अडवतो. पण त्याची पकड घट्ट म्हणूनच ओळखली जाते आणि वजनही २८५ ग्रॅम आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम२०एक्स अवघ्या १९० ग्रॅमचा आहे. दुकानात दोन मिनिटे दोन्ही सारखेच सुखद वाटू शकतात. फरक कळतो तो अर्ध्या तासाने. गादी कानाच्या पाळीवर टेकते की कानाला पूर्ण वेढून घेते, हेही पाहावे. चष्मा वापरणाऱ्यांना पाळीवर टेकणारी गादी लवकर दुखू लागते. मुंबई, चेन्नई, कोलकाता अशा दमट शहरांत कृत्रिम चामड्याच्या गादीखाली घाम येतो. मखमली कापडाची गादी हवेशीर असते, मात्र तिच्यातून थोडा ध्वनी निसटतो. ही तडजोड ज्याची त्याने ठरवावी.

खोक्यावरील आकड्यांनी दिपून जाण्याचे कारण नाही. माणसाचा कान साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी ऐकतो आणि वयोमानानुसार वरची मर्यादा खाली येते. ३५,००० हर्ट्झचा दावा त्यामुळे फारसा उपयोगाचा नसतो. उपयोगी आकडा ओहमचा. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत निघाला. मोबाइलला ३२ ओहमचा जोडणे योग्य. २५० ओहमच्या हेडफोनला सहसा स्वतंत्र अॅम्प्लिफायर लागतो, अन्यथा आवाज क्षीण येतो. अनेक नव्या मोबाइलमध्ये हेडफोनची पिन बसवण्याची जागाच नसते, तेव्हा जोडणीच्या अॅडॉप्टरचा खर्चही आधीच धरावा.

आराम आणि ध्वनी यांपलीकडे आणखी एक गोष्ट पणाला लागलेली असते, ती म्हणजे श्रवणशक्ती. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८६ डेसिबलला केवळ १० तास! अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाट बाहेर ठेवणारी गादी आवाज कमी ठेवण्यास मदत करते, हा तिचा सर्वांत मोठा गुण होय. संभाषणाचा कलकलाट ती बराच थोपवते. रेल्वे-विमानाची खोल घरघर मात्र तितकीशी थोपत नाही.

किमतीचा हिशोब वापराच्या वर्षांवर मांडणे श्रेयस्कर. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ मधील नमुना. त्याच्या गाद्यांचे आवरण कालांतराने सोलपटते, पण त्या स्वस्तात बदलता येतात आणि यंत्र पुन्हा कामाला लागते. बहुतेक बिघाड तारेत होतो. एटीएच-एम४०एक्सची तार काढून नवी बसवता येते, एम२०एक्सची नाही. थोडे अधिक पैसे मोजायचेच असतील, तर ते अशा सोयीसाठी मोजावेत. घालून पाहण्याची सोय नसलेल्या ठिकाणाहून खरेदी करताना वस्तू परत करण्याची मुदत आधी वाचावी, खोके जपून ठेवावे आणि त्या मुदतीतच एक संपूर्ण संध्याकाळ हेडफोन कानांवर ठेवून पाहावा.