होडी रस्त्यावरून न्यायची कशी? ट्रेलर, ट्रॉली आणि चौदा फुटी टेम्पो

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोललेलं थोडं आवरून-सावरून दिलं आहे.)

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघालाय. तो घाटकोपरला राहतो. वापरलेली लेझर घ्यायच्या विचारात आहे. लेझर म्हणजे एका माणसाची छोटी शिडाची होडी. बिल्डिंगमध्ये पार्किंग आहे, ओळखीचा वेल्डर आहे, घरी हॅचबॅक आहे. त्याने विचारलंय, "सामान वाहायचा एक जुना ट्रेलर स्वस्तात मिळतोय. त्यात बदल करून होडीसाठी वापरू का?"

माझं उत्तर आधीच सांगतो. वेल्डरकडे जा, पण ट्रेलरसाठी नको, ट्रॉलीसाठी जा. आता हे का, ते नीट बघू.

आधी होडी समजून घेऊ

लेझरचा आराखडा ब्रूस कर्बी या कॅनडाच्या डिझायनरने १९६९ मध्ये काढला, आणि तो मुळात गाडीच्या टपावर नेता येईल अशा होडीसाठी होता. लांबी ४.२३ मीटर, रुंदी १.३७ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन ५९ किलोच्या आसपास. डोलकाठीचे दोन तुकडे होतात, त्यामुळे ती होडीच्या लांबीबाहेर जात नाही. डोलकाठी, शीड, सुकाणू, दोऱ्या सगळं धरून आपण ८० किलो पकडू. ८० किलो म्हणजे एका माणसाचं वजन. प्रश्न वजनाचा नाहीच. प्रश्न लांबीचा आहे आणि खाऱ्या पाण्याचा आहे.

मुंबईत खाडीतलं आणि बंदरातलं शिडाचं नौकानयन साधारण ऑक्टोबर ते मे चालतं. पावसाळ्यात होड्या वर काढाव्याच लागतात. कुलाब्याच्या क्लबांत होडी ठेवायची सोय असते, पण अंधेरी-बोरिवली-मुलुंडकडच्या माणसाला होडी घराजवळ ठेवायची असेल, किंवा कधी पवना धरणावर न्यायची असेल, तर ती रस्त्यावरून नेण्यावाचून गत्यंतर नाही.

एका चाकाला दोन कामं सांगू नका

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक नियम आहे: एका भागाने एकच काम करावं. होडीच्या वाहतुकीत कामं दोन आहेत. एक, होडी साठ-सत्तरच्या वेगाने डांबरी रस्त्यावरून नेणं. दोन, होडी चालत्या पावलांच्या वेगाने वाळूतून, चिखलातून, रॅम्पवरून पाण्यात सोडणं. पहिल्या कामाला स्प्रिंग, बेअरिंग, दिवे, नंबरप्लेट लागते. दुसऱ्या कामाला यातलं काहीच लागत नाही, उलट या सगळ्याचं पाण्यात वाटोळं होतं.

बेअरिंगचं उदाहरण घ्या. तास-दीड तास रस्ता कापून ट्रेलर किनाऱ्यावर पोचला. चाकाचा हब तापलेला आहे, समजा ६० अंश. तसाच तो २८ अंशांच्या समुद्रात ढकलला. आतली हवा गार होऊन आकसते. बारावीचा गॅसचा नियम आठवा: तापमान केल्विनमध्ये ३३३ वरून ३०१ वर आलं, म्हणजे आतला दाब जवळजवळ एक दशांशाने कमी झाला. हा फरक साधारण एक मीटर पाण्याच्या दाबाएवढा. सील थोडं जरी झिजलेलं असेल, तरी हब खारं पाणी आत ओढून घेतो. वरून काही दिसत नाही. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंगला गंज धरतो आणि ते जातं कधी, तर पुढच्या फेरीला, भर हायवेवर.

याला उपाय आहेत. हब गार होईपर्यंत थांबा. स्प्रिंगने ग्रीस दाबून धरणाऱ्या टोप्या मिळतात, त्या बसवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. पण सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रस्त्याची चाकं पाण्यात न्यायचीच नाहीत. परदेशात छोट्या होड्यांना याचसाठी दुमजली व्यवस्था असते. खाली रोड ट्रेलर आणि त्यावर होडीसकट बसणारी हलकी लाँचिंग ट्रॉली. किनाऱ्यावर पोचलं की ट्रेलर कोरडाच राहतो आणि फक्त ट्रॉली पाण्यात जाते.

मग ट्रेलर का नको?

तीन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्याला इंजिन नसलं तरी. म्हणजे ट्रेलरलाही नोंदणी लागते आणि स्वतःच्या मनाने केलेल्या बदलांना बंधनं आहेत. वेल्डरने जोडून दिला आणि मागे बांधला, असं चालत नाही. तो जुना ट्रेलर ज्याच्याकडे मिळतोय, त्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका, कागदपत्रांचा विचारा. मग बदल करायच्या आधी आपल्या आरटीओत जा. अंधेरीकरांचं एमएच-०२, बोरिवलीकरांचं एमएच-४७, घाटकोपर-मुलुंडकरांचं वडाळ्याचं एमएच-०३. कागद नसताना अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि समोर जखमी माणूस असेल तर ते ओझं आयुष्यभराचं.

दुसरं कारण गाडीचं. आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असं लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा. इंजिन ओढेल हो, पण घाट उतरताना थांबवायचं काम ब्रेकचं आहे, आणि मागे ढकलणारं जादा वजन त्या ब्रेकच्या हिशेबात धरलेलं नसतं.

तिसरं कारण तोलाचं, आणि हे सगळ्यांनी समजून घ्यावं, कारण हेच गणित ट्रॉलीलाही लागतं.

वजन किती यापेक्षा वजन कुठे

दोन चाकांचा ट्रेलर म्हणजे सी-सॉ. मधला टेकू म्हणजे एक्सल, पुढचं टोक गाडीला अडकवलेलं. वजनाचा मध्य एक्सलच्या थोडा पुढे असेल तर पुढचं टोक गाडीवर हलकंसं दाबून राहतं आणि ट्रेलर सरळ मागे येतो. मध्य एक्सलच्या मागे गेला तर पुढचं टोक वर उचलू बघतं. मग बाजूने ट्रकचा वारा आला किंवा खड्डा आला की शेपूट डावी-उजवीकडे हलायला लागते. वेग जास्त असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रेलरच गाडीला फिरवतो.

म्हणून पुढच्या टोकावर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार ठेवतात. गणित एका ओळीचं आहे:

पुढच्या टोकावरचा भार = एकूण वजन × (वजनाचा मध्य एक्सलच्या किती पुढे) ÷ (पुढच्या टोकापासून एक्सलपर्यंतचं अंतर)

समजा होडी आणि ट्रेलर मिळून २५० किलो, आणि टोकापासून एक्सलपर्यंत ३ मीटर. ८ टक्के म्हणजे २० किलो भार हवा. तर वजनाचा मध्य एक्सलच्या २४ सेंटिमीटर पुढे हवा. फक्त एक वीत! होडी अर्धा मीटर मागे सरकवून बांधली की गणित बिघडलं. सामानाच्या ट्रेलरचा एक्सल सामानाच्या हिशेबाने लावलेला असतो, सव्वाचार मीटर लांब होडीच्या नाही. लांब सामान मागे लटकतं आणि दोन्ही टोकांना वजन असलं की हेलकावा थांबायलाही जास्त वेळ लागतो.

कधी अशा ट्रेलरसोबत प्रवास करायची वेळ आलीच, तर निघण्याआधी पुढचं टोक घरच्या वजनकाट्यावर टेकवून भार मोजा. रस्त्यात हेलकावे सुरू झाले तर स्टीअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडीला आपोआप मंदावू द्या. जोरात ब्रेक नको आणि उलटसुलट स्टीअरिंगही नको.

मग रस्त्याचं काम कोण करणार?

इथे मुंबईकराचा फायदा आहे. मालवाहतूकवाल्यांना 'चौदा फुटी' म्हणालात की लगेच कळतं. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर. लेझर ४.२३ मीटर! चार सेंटिमीटर शिल्लक. तरी गाडी ठरवताना टेप घेऊन आतली लांबी मोजाच, कारण 'चौदा फुटी' हे नाव आहे, हमी नाही. छोट्या हत्तीच्या हौद्यात मात्र होडी निम्मी बाहेर लटकेल, तो मोह टाळा. टेम्पोला नोंदणी, परवाना, विमा, दिवे सगळं आधीच असतं. वर्षातून चार-सहा फेऱ्या करणाऱ्यासाठी भाड्याचा टेम्पो हाच रोड ट्रेलर.

टेम्पोत होडीखाली जुन्या गाद्या किंवा हवा भरलेल्या ट्यूब घाला. फायबरला पसरलेला भार चालतो, एका बिंदूवरचा नाही. लाकडाच्या एका ठोकळ्यावर टेकवली तर खड्ड्यागणिक तिथेच दणका बसून तडा जाईल. पट्टे रुंद घ्या, खाली फडकी घाला आणि रॅचेट जपून आवळा. होडी हलू नये एवढंच, दबायला नको.

आता वेल्डरकडे चला

ट्रॉली म्हणजे इंग्रजी टी आकाराचा पाइपचा सांगाडा: एक लांब दांडा, मागे आडवा एक्सल, दोन चाकं आणि होडीच्या काठांना खालून धरणारा आधार. पायऱ्या अशा:

एक. होडीचा तोल शोधा. टॉवेल गुंडाळलेला पाइप होडीखाली आडवा ठेवा आणि दोघांनी होडी पुढे-मागे सरकवून ती समतोल होईल ती जागा शोधा. तिथे चिकटपट्टीची खूण करा.

दोन. एक्सलची जागा वरच्याच सूत्राने काढा. होडी ८० किलो, मुठीपासून एक्सल २.५ मीटर, हातात साधारण ८ किलो भार हवा. ८ × २.५ ÷ ८० = ०.२५. म्हणजे एक्सल खुणेच्या २५ सेंटिमीटर मागे. होडीची नाळ मुठीच्या बाजूला.

तीन. पाइप. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर वेल्डिंग केलं की तिथला मुलामा जळतो आणि त्याचा धूर फुप्फुसांना वाईट. त्यामुळे जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढायला सांगा आणि काम उघड्यावर करून घ्या. उत्तम म्हणजे काळा पाइप वेल्ड करून मग अख्खा सांगाडा जस्तात बुडवून घ्यायचा. पण त्याआधी प्रत्येक पाइपला भोकं हवीत. बंद पाइपात ओल राहिली तर वितळलेल्या जस्तात वाफेने तो फुटू शकतो. तीच भोकं पुढे समुद्राचं पाणी बाहेर काढायला उपयोगी पडतात.

चार. चाकं. बॉल बेअरिंग नको, प्लास्टिकच्या बुशवर फिरणारी चाकं घ्या. गंजायला काही उरतच नाही. टायर रुंद आणि कमी हवेचे. बारीक चाक आपल्या किनाऱ्यांवरच्या चिखलात सुरीसारखं रुततं.

शेवटचा हिशेब भरतीचा

ट्रॉली बनली तरी पाणी कुठे असेल हे पंचांग ठरवतं. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे उधाणाच्या दिवसांत, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाणी निम्मं चढतं, म्हणजे तासाला जवळजवळ एक मीटर. आठास एक उताराच्या रॅम्पवर ती पाण्याची रेघ तासात आठ मीटर वर सरकते. सपाट वाळूत त्याच्या कितीतरी पट.

२०२५ च्या विसर्जनात लालबागच्या राजाची मूर्ती सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचली, आणि भरतीच्या पाण्यात ती तराफ्यावर चढवता येईना. विसर्जन व्हायला रात्र झाली. त्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं विसर्जन करणारी माणसं होती, तरी भरतीने कुणाचं ऐकलं नाही. चाकावरचं वजन पाण्यावर चढवायचं तर पाणी नेमकं हवं तेवढंच लागतं.

म्हणून उधाणाऐवजी भांगाचे दिवस निवडा, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे. तेव्हा पाणी कमी सरकतं. होडी सुटली की रिकामी ट्रॉली भरतीच्या रेघेच्या वर नेऊन ठेवा. जिथे उतरवणार, तिथे परवानगी आहे का हे आधी विचारा. परवानग्यांवर वेगळा एपिसोड करू.

तर घाटकोपरच्या मित्रा, तो ट्रेलर सोड. टेप, टॉवेल आणि एक पाइप घेऊन होडी बघायला जा. तोलाची खूण मिळाली की वेल्डरला फोन कर. आणि बाकीच्यांनी आपल्या बिल्डिंगचं गेट किती रुंद आहे ते मोजून कळवा, कारण चौदा फुटी तिथूनच वळवायची आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.